फॉल न लावलेली साडी

म्हसा,
६ नोव्हेंबर २०२५

सुंदरे,

पाकीट बघून हसशील, दादाला आता पोस्टाची आठवण झाली म्हणून. काय करू? सहा दिवस तुला फोन लावतोय, तो एकदा कुई करतो आणि गप्प होतो. काल अनिताच्या फोनवरून लावला, तर दुसऱ्या रिंगला उचललास, "बोल गो वहिनी" म्हणालीस, आणि माझा आवाज ऐकला तशी कट. म्हणजे फोन बरा आहे, बिघडलोय तो मी. नंबर ब्लॉक करायला तुला दर्शनाने शिकवलं असणार. गुणाची सून आहे, सासूचा शब्द खाली पडू देत नाही.

पत्र मात्र ब्लॉक होत नाही. आलं की घ्यावं लागतं.

परवा हरेश गिरणीवर आला. मला वाटलं भात भरडायला आणलंय, तर हातात नुसती पिशवी. "मामा, आईने परत दिली." एवढंच बोलला आणि कोंड्याच्या ढिगाकडे बघत उभा राहिला. चहा पी म्हटलं, तर नको. तुझ्या पोराने माझ्या गिरणीवर चहाला नाही म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

अगं, साडी आहे ती. दुकानात समोरच टांगलेली होती, तुझी आठवण झाली, घेतली. भाऊबीज होऊन आठच दिवस झाले होते हे खरं, पण भावाने वर्षाला एकच साडी द्यावी असं कुठं लिहून ठेवलंय? काठाला फॉल नव्हता म्हणून राग आला असेल, तर मुरबाडचा आपला शिंपी दिवाळीला गावी गेला होता. आणि चौदा माणसं घेऊन आलो म्हणत असशील, तर टेम्पो रिकामा होता, काकी मागे लागली, मग एकेक करून सगळेच चढले. तिसरा डोस होऊन तिसराच दिवस होता तुझा. तोंड आलेलं, केस गेलेले. म्हटलं, माहेरची माणसं बघून चार घास जास्त खाईल. काकीला रडायला मी सांगितलं नव्हतं.

हरेशकडे यंदाच्या झिनीचे तांदूळ दिलेत. हलरमधून एकदाच काढलेत, पॉलिश केलं नाही. पेज कर आणि पी. डॉक्टर आठ डोस म्हणालेत, मग ऑपरेशन. तीन झाले. अठरा तारखेला चौथा, मंगळवार आहे, विसरू नको.

काय चुकलं ते तरी सांग. शिव्या देऊन सांग. तुझ्या शिव्या मला गिरणी चालू असतानाही ऐकू येतात.

तुझा दादा,
चंदर


म्हसा,
२० नोव्हेंबर २०२५

सुंदरे,

अठराला तू गेली नाहीस. गाडी दारात उभी होती, हरेशने रजा टाकली होती, आणि तू खाटेवरून उठली नाहीस.

काल मी सापगावला आलो होतो. ते तुला माहीत आहे, कारण मी ओटीवर पाय ठेवला आणि आतली खाट करकरली. भिंतीकडे वळलीस ना? दाजी बाहेर बसले होते. सावळाराम दाजींना मी इतक्या वर्षांत कधी असं बसलेलं बघितलं नाही, हातात काहीच काम नाही.

"दाजी, खाते किती?"

"पेज. ती पण दोन घोट. सहा किलो उतरली."

"आणि डोस?"

"नको बोलते. बोलते, कशाला उगाच अंगाला तरास? माहेरची सगळी येऊन गेली, साडी येऊन गेली, आता काय रायलं?"

मग दर्शना आत गेली. "आई, मामा आलेत, उठताय का?" आणि तू म्हणालीस, "त्याला सांग, अजून हाय मी. घाई करू नको."

ती बिचारी बाहेर येऊन म्हणाली, आई झोपल्यात. मी पण म्हटलं, झोपू दे. पण माझे कान तुला माहीत आहेत. चालत्या हलरमध्ये खडा गेला तर मला दुसऱ्या टोकाला कळतं. तुझं ते वाक्य मी सापगावपासून म्हशापर्यंत गाडीत ऐकत आलो.

सवाष्ण बाई गेली की माहेरची हिरवी साडी लागते. भाऊ घेऊन येतो, ती अंगावर घालतात आणि मग तिला नेतात. आपल्याकडे शाळेतल्या पोरीलाही हे ठाऊक असतं. पण ती बाई गेल्यावर आणायची असते गो! ओटीवर बसलेल्या, बोलत्या बहिणीच्या मांडीवर कोण ठेवतं? तू असा अर्थ काढलासच कसा? लहानपणापासून तुझं असंच. दोन माणसं कुजबुजली की तुझ्याबद्दलच बोलतात.

एक कबूल करतो. शिंपी गावी गेला नव्हता. दुकान उघडं होतं, मी समोरूनच आलो. पण त्यात विशेष काही नाही, मला घाई होती इतकंच.

तांदूळ तसेच पडलेत असं दर्शना म्हणाली. पेज नको असेल तर भाकरी कर. भाकरी नको असेल तर कोंबड्यांना घाल, पण पिशवीचं तोंड तरी उघड.

चंदर


म्हसा,
२८ नोव्हेंबर २०२५

सुंदरे,

काल हरेशला घेऊन मुंबईला तुझ्या दवाखान्यात गेलो होतो. तुला न विचारता. रागाच्या यादीत हेही घाल.

डॉक्टरांनी पाच मिनिटं दिली. म्हणाले, तीन डोसांनी गाठ मऊ पडायला लागली होती, चांगलं चाललं होतं. आता नवी तारीख धरून दोन आठवड्यांचा खंड पडतोय. एवढा सांभाळून घेता येईल, पण यापुढे वाढवू नका. मग त्यांनी आम्हाला एका मिताली मॅडमकडे पाठवलं. मला वाटलं, काय खायचं ते सांगणारी बाई असेल. ती निघाली मनाची डॉक्टर. तू तिला ओळखतेस, दुसऱ्या डोसाला तुझ्याशी बोलली होती.

मी आपल्या भाषेत सरळ विचारलं, "मॅडम, टेन्शनने गाठ वाढते काय?"

"तसं मी सांगणार नाही," ती म्हणाली. "घाबरल्यामुळे गाठ वाढली असं छातीठोक सांगता येत नाही, आणि पेशंटच्या माथी तो दोष मारायचाही नाही. पण घाबरलेलं माणूस जेवत नाही, झोपत नाही. वजन उतरतं, अंगात ताकद राहत नाही, मग डोस पुढे ढकलावा लागतो. नाहीतर ते स्वतःच तारखेला येत नाही. औषध कितीही चांगलं असलं तरी घेतलंच नाही तर काम कसं करणार?"

मग तिने विचारलं, घरात काय झालं. मी साडीची हकिकत सांगितली. हीच, तुला लिहिली तशी. टेम्पो रिकामा होता, साडी समोर टांगलेली होती, मला घाई होती. ऐकून घेतली. मग एक कागद पुढे सरकवला. त्यावर ताप मोजायची नळी काढलेली, शून्यापासून दहापर्यंत. मनावर किती ओझं आहे तिथं खूण करायची.

"सुंदराताईंसाठी नाही," ती म्हणाली. "तुमच्यासाठी."

मी दोनवर खूण केली. तिने कागद उचलला नाही, माझ्यापुढेच राहू दिला. सुंदरे, माणसं माझ्याशी खोटं बोलली की मला आवाजावरून कळतं, त्या जोरावर तर धंदा उभा केला. काल त्या बाईसमोर मला माझाच आवाज ऐकू आला. दोन खोडून आठ लिहिले.

तेव्हा तिने विचारलं, "साडी घेतली त्या दिवशी तुम्हाला काय वाटत होतं? बहीण बरी होईल?"

मी कागदाची घडी घालत बसलो. हरेश शेजारी बसला होता. त्याने मान खाली घातली, त्यालाही कळलं. ते उत्तर आता तुला लिहितो, कारण तुला तर पहिल्या दिवशीच कळलंय.

सकूताई गेली त्याला सहा वर्षं झाली. बाजारातून साडी घेऊन मी परतलो तेव्हा तिला अंगणात ठेवलेलं होतं. दुकानातली सगळ्यांत चांगली घेतली होती मी. आपल्या थोरल्या बहिणीने जन्मात तसली साडी नेसली नव्हती. बायकांनी ती तिच्यावर घातली आणि तासाभरात लाकडांवर गेली. पदर हातात धरून बघणंसुद्धा तिच्या वाट्याला आलं नाही. मी तिथंच उभ्या उभ्या ठरवलं, पुन्हा असं होऊ द्यायचं नाही. आणि तुझा रिपोर्ट आला तेव्हा पहिला विचार मनात आला तो हाच, की सुंदरीच्या वेळी तिला साडी डोळ्यांनी बघू द्यायची.

सुंदरीच्या वेळी! डॉक्टरांनी आठ डोस मांडले, ऑपरेशनचं बोलले, आणि मी सातवी पास गिरणीवाला तुझी वेळ धरून मोकळा झालो. टेम्पो रिकामा नव्हता, मी सांगून ठेवला होता. घरोघरी जाऊन माणसं मीच गोळा केली, प्रत्येकाला म्हटलं, एकदा भेटून घ्या.

साडी घरी आणली तेव्हा अनिता म्हणाली, "द्या इकडे, फॉल लावून आणते." मी म्हणालो, "फॉल कशाला?"

तिने पुढे केलेला हात मागे घेतला. मी तिकडून उठून गेलो.

दरवर्षी तुझ्या वहिनीने फॉल-पिको केल्याशिवाय तुला साडी दिलेली नाही. काठ जमिनीला घासून फाटू नये म्हणून फॉल लावतात. चालणाऱ्या-फिरणाऱ्या बाईच्या साडीला लावतात. त्या दिवशी सगळे काकीला गप्प करत होते, तेव्हा तू हळूच काठ उलटून बघितलास. मी तुझा हात बघत होतो.

तू बरोबर ओळखलंस. चुकलो ते मी, आणि तू माझ्यावर विश्वास टाकलास. दादाला सगळं आधी कळतं, असंच तू लहानपणापासून मानत आलीस. पण या बाबतीत दादाला काडीचं कळत नव्हतं. दादा नुसता घाबरलेला होता.

मंगळवारी, दोन तारखेला, तुझी नवी तारीख घेतली आहे. पहाटे पाचला सापगावच्या नाक्यावर गाडी लावून उभा राहतो. दारात येत नाही, हॉर्न वाजवत नाही, काकी नाही, कोणी नाही. सातपर्यंत थांबतो.

चंदर


म्हसा,
३ डिसेंबर २०२५

सुंदरे,

पाचला नाही, साडेपाचला नाही. सहाला एक दूधवाला येऊन विचारून गेला, गाडी बंद पडलीय काय. सहा चाळीसला तू दर्शनाच्या खांद्यावर हात ठेवून आलीस. मागे बसलीस, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. वाशिंद गेलं. पडघ्याच्या अलीकडे तू तोंड उघडलंस.

"मला मेलेली धरलीस ना रे?"

"हो."

"हां. तुझी काय एकट्याची गोष्ट नाय. दाजी तुझे धरून बसलेत, हरेश पण धरून बसलाय. पण तोंडावर काय, काय होत नाय आई, काय होत नाय. मी मरणाचं नाव काढलं की ही टीव्ही लावते."

"आई, मी कुठं..." दर्शना म्हणाली.

"लावतेस. मोठा करून लावतेस."

मी म्हटलं, "इथं टीव्ही नाय. बोल."

मग तू भिवंडीच्या पुढपर्यंत थांबली नाहीस. सगळं मी लिहीत नाही, ते तुझं आहे. पण मला एक कळलं. महिनाभर तू जे एकटीने छातीत धरून ठेवलं होतंस, ते धरायला तुझी सगळी ताकद जात होती, मग घास गिळायला कुठून उरणार? आणि मग तू तो प्रश्न विचारलास, ज्याचं उत्तर सहा वर्षं मी "झोपेत गेली" असं देत आलोय.

"सकूताय शेवटी ओरडली काय?"

गाडी बाजूला घ्यावी असं वाटलं. घेतली नाही, कारण समोर रस्ता असला की बोलायला बरं पडतं. म्हटलं, "ओरडली. दोन दिवस. मग डॉक्टरने इंजेक्शन चालू केलं, तशी शांत झाली. शेवटचा दिवस शांत होती, माझा हात धरून होती. तिने गाठ दोन वर्षं पदराखाली लपवली होती गो. तू दोन महिन्यांत दाखवलीस."

तू डोक्यावरचा रुमाल घट्ट केलास. मग म्हणालीस, "दोनच दिवस? मी रोज रातचं त्याच्यापेक्षा वाईट बघते."

म्हणजे आम्ही तुझ्यापासून लपवत होतो ते तू मनात आमच्यापेक्षा भयंकर करून ठेवलं होतंस. एवढी वर्षं तुला आणि मला एकच कान दिलेत असं मी समजत होतो. तुझे जास्त तिखट आहेत. न बोललेलंही ऐकतात.

मिताली मॅडमने कागद दिला तेव्हा तू नऊवर खूण केलीस. खोडली नाहीस. तिने तुझ्याशी तासभर बोलून पुढच्या दोन मंगळवारी फोनची वेळ ठरवली, झोपेसाठी डॉक्टरांकडून गोळी लिहून घेतली. आणि सलाइन लागल्यावर, नर्स नळी बघत असताना, तू मोठ्याने म्हणालीस, "आणि दादा, मी गेलेच ना, तर हिरवी नको. हिरवी मला कधी शोभली नाय. जांभळी आण."

नर्सचा हात जागच्या जागी थांबला. मी म्हटलं, "जांभळी आणली तर तू उठून नेसशील आणि बाजाराला जाशील."

तू हसलीस. तोंड आलेलं, ओठ फाटलेला, तरी हसलीस, आणि मग ओठ दुखला म्हणून मला शिवी दिलीस. दर्शनाच्या डब्यातला भात अर्ध्याहून जास्त खाल्लास.

परतताना तू म्हणालीस, यापुढे लिहायचंच. "फोनवर तू गोड बोलतोस. कागदावर तुला खोटं जमत नाय." आणि विचारलंस, "आता काय वाटतं तुला? जगेन मी?" मी उत्तर जुळवत होतो तोवर तुझी मान खिडकीला लागली, झोपलीस. बरं झालं, काहीतरी गोडच बोललो असतो.

खरं उत्तर असं आहे: मला माहीत नाही. ऑक्टोबरात मला पक्कं माहीत होतं, आणि त्या माहितीने तुझ्या डोसाचे दोन आठवडे खाल्ले. आता माहीत नाही, आणि त्यातच जरा बरं वाटतंय.

दादा


म्हसा,
५ जानेवारी २०२६

सुंदरे,

जत्रा भरलीय. गिरणी दोन दिवस बंद, दारापर्यंत पाळण्यांचे भोंगे. अनिता माणसांना चहा करून थकली. मी माजघरात दार लावून लिहितोय.

तेवीसला पाचवा डोस झाला. डॉक्टरांनी मोजून सांगितलं, गाठ निम्म्याच्या खाली आलीय. वजन दीड किलो वर. पण मी नुसतं चांगलं तेवढंच लिहिणार नाही. डोसानंतरचे तीन दिवस तुझे वाईट गेले हे मला दाजींकडून कळलं. फोनवर म्हणाले, "चंदर, दोन तास रडली. बोलली, गप करू नका, रडू द्या. मग मी बसून रायलो. काय बोलायचं ते कळलं नाय, म्हणून लसूण सोलला. पावशेर लसूण सोलला." सुंदरे, तो माणूस तुझ्यावर किती जीव टाकतो हे त्या पावशेर लसणावरून समजून घे, तोंडाने त्याला कधी येणार नाही.

काल मी सापगावला आलो होतो, हे तुला माहीत नाही. जत्रेतली मिठाई द्यायची होती. कुंपणापाशी आलो आणि तुझा आवाज ऐकला. भिमी मासेवाली टोपली उतरवून बसली होती.

"ताजी हायत गो मावशी, सकालची."

"सकाळची? कुठल्या महिन्यातली? तिचे डोळे बघ, डोळे. माझ्यापेक्षा आजारी दिसते."

भिमी एकदम गार. "मावशी, असं काय बोलता..."

"मग कसं बोलू? मला निदान सलाइन तरी लावतात. हिला तू बरफ पण नाय दिलास."

आत दाजी हसले. मला वाटतं महिन्यांनी हसले. तू बोंबील उलटेपालटे केलेस, चार नावं ठेवलीस, डोक्यावरचा रुमाल सुटला तो एका हाताने बांधलास आणि दुसऱ्या हाताने तिच्या टोपलीतला सगळ्यांत चांगला वाटा उचललास. मी कुंपणामागे उभा. आत आलो नाही, आलो असतो तर तू थांबली असतीस. मिठाई कुंपणाच्या खांबाला अडकवून ठेवली, ती दर्शनाला मिळाली असेल.

तर तू विचारलं होतंस त्याचं या महिन्याचं उत्तर. वाटतं गो, जगशील. हे रिपोर्ट बघून नाही म्हणत, रिपोर्ट मला वाचता येत नाही. तेराला सहावा डोस आहे, त्यानंतर आणखी दोन, मग ऑपरेशन, आणि मध्ये वाईट दिवस येणार आहेत. उत्तर बदललं तर बदललेलं लिहीन. लपवणार नाही.

भिमी मला पुढच्या वळणावर भेटली. टोपली डोक्यावर, तोंड एवढंसं. म्हणाली, "मावशी आज लई बोलल्या."

मी म्हटलं, "रोज जात जा तिकडे."

दादा